भांड्याच्या बुडावरचे ठसे

इंग्लंडमध्ये घडलेले चांदीचे जुने भांडे उपडे केले की बुडावर, काठाजवळ किंवा दांड्याच्या मागच्या बाजूला चार-पाच बारीक ठसे एका ओळीत दिसतात. चालता सिंह, बिबट्याचे तोंड, चौकटीतले एखादे अक्षर, कोणाची तरी आद्याक्षरे आणि कधी एखाद्या राजाचे मुंडके. एकेक ठसा मसुराच्या दाण्याएवढा. ही ओळ वाचता आली तर भांड्याची चांदी किती कसाची, ते कोणत्या शहरात तपासले गेले, कोणाच्या दुकानातून आले आणि कोणत्या वर्षी, एवढे सगळे कळते. जुन्या पितळी किंवा लाकडी वस्तूला इतकी नेमकी जन्मतारीख सहसा मिळत नाही. गंमत अशी की ही पद्धत घालून देणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात इतिहास नव्हता. प्रत्येक ठशामागे एक तर लबाडी आहे, नाही तर कर.

चोख चांदी मऊ असते. तिचा तांब्या किंवा चमचा केला तर तो वापरात वाकतो, म्हणून तिच्यात तांब्याचे हीण घालावेच लागते. हीण थोडे जास्त पडले तरी रंगावरून ते कळत नाही, आणि गिऱ्हाईक चांदीच्या भावाने तांबे विकत घेऊन घरी जाते. इंग्लंडात यावर 1300 साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला. चांदीचे काम राजाच्या नाण्यापेक्षा हलक्या कसाचे नसावे आणि सोनारांच्या संघाच्या कारभाऱ्यांनी तपासून बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारल्याखेरीज ते विकू नये, असे त्यात होते. नाण्याचा कस म्हणजे ‘स्टर्लिंग’. 12 औंसांच्या पौंडात 11 औंस 2 पेनीवेट चांदी आणि उरलेले हीण, म्हणजे आजच्या भाषेत हजारात 925. बिबट्या म्हटले जाते खरे, पण तो सिंहच आहे. जुन्या फ्रेंच राजचिन्हांच्या परिभाषेत पाहणाऱ्याकडे तोंड वळवलेल्या सिंहाला बिबट्या म्हणत, आणि ते नाव चिकटून राहिले.

सुरुवातीला कारभारी दुकानोदुकानी फिरून टंच काढत. पण हलका माल पुढे सापडला तर तो कोणाचा, हे बिबट्याच्या तोंडावरून कळत नसे. म्हणून 1363 साली प्रत्येक सोनाराने स्वतःची खूण मारावी असा नियम झाला. त्या काळी लिहिता-वाचता येणारे थोडे, त्यामुळे या खुणा चित्रांच्या असत. आद्याक्षरांची चाल पुढे पडली.

तारखेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा ठसा 1478 सालचा. त्या वर्षी तपासणी फिरती न राहता लंडनच्या सोनार संघाच्या वास्तूत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, कायमची बसली आणि पगारी पारखी नेमला गेला. हॉलमध्ये मारलेली खूण म्हणून ‘हॉलमार्क’. आपल्याकडे हा शब्द आता सराफाच्या दुकानातल्या पाटीवर सर्रास दिसतो. ठसा मारलेला माल हलका निघाला तर दंड संघाला बसायचा. मग त्या दिवशी हॉलमध्ये पारखी कोण होता, हे कळायला हवे. त्यासाठी दरवर्षी एक अक्षर ठरवले जाऊ लागले. म्हणजे आज जिला ‘सालाचे अक्षर’ म्हणून पुराणवस्तूंचे जाणकार भिंगातून शोधतात, ती मुळात पारख्याची हजेरी होती.

तपासणीची रीत साधी आणि कडक होती. भांड्याच्या वेगवेगळ्या भागांवरून थोडा कीस काढायचा, तोलायचा, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत घालून भट्टीत ठेवायचा. शिसे वितळते, हीण त्याच्याबरोबर जळून राखेच्या वाटीत शोषले जाते आणि तळाशी चोख चांदीचा एक मणी उरतो. मणी पुन्हा तोलला की किती घट आली ते समजते. माल उतरला नाही तर भांडे तिथेच मोडून परत दिले जाई. सोनाराची घडणावळ पाण्यात! सगळ्या भागांवरून कीस घेण्याचे कारणही व्यवहारी होते. अंग चोख चांदीचे आणि कान किंवा बूड हिणकस, ही युक्ती तिकडच्या सोनारांनाही ठाऊक होती.

लंडनच्या अक्षरमालेत वीस अक्षरे असत. ए ते यू, त्यातून जे वगळलेले. वीस वर्षे झाली की पुन्हा ए, पण अक्षराचे वळण बदललेले: कधी मोठी लिपी, कधी लहान, कधी जाड गॉथिक. सोबत भोवतीच्या ढालीचा आकारही बदले. अक्षर 1 जानेवारीला बदलत नसे. आधी ते सोनारांचा संत डन्स्टन याच्या दिवशी, 19 मे रोजी बदले. 1660 साली दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यावर त्याचा वाढदिवस, 29 मे, हा मुहूर्त ठरला. म्हणून जुन्या लंडनी भांड्याचे साल ‘1784-85’ असे जोडून लिहिणे बरोबर. नुसते 1784 लिहिणे थोडे सैल.

1544 साली आला चालता सिंह. आठव्या हेन्रीने तिजोरी भरण्यासाठी नाण्यांत हीण घालायला सुरुवात केली होती आणि दोन वर्षांत नाण्यातली चांदी एक तृतीयांशावर आली. ‘नाण्याच्या कसाची चांदी’ या शब्दांना मग काही अर्थच राहिला नाही. राजाचे नाणे काहीही असो, हे भांडे मात्र स्टर्लिंगचे, हे सांगायला सिंह उभा राहिला, आणि इंग्लंडमध्ये तपासलेल्या स्टर्लिंग चांदीवर तो आजही मारला जातो.

यानंतर खुणांची खरी गर्दी दोन घटनांमुळे झाली. पहिली 1697 सालची. सतराव्या शतकात लोक नाण्यांच्या कडा कातरत आणि आख्खी नाणीही वितळवून त्यांची भांडी करवून घेत. नाणे आणि भांडे एकाच कसाचे, मग अडचण कसली? सरकारने 1696 मध्ये सगळी नाणी नव्याने पाडली आणि पुढच्या वर्षी भांड्यांचा कस नाण्यांपेक्षा चढा केला: 12 औंसांत 11 औंस 10 पेनीवेट, म्हणजे हजारात सुमारे 958. आता नाणे वितळवायचे तर वरून चोख चांदी घालावी लागणार. या चढ्या कसासाठी सिंह आणि बिबट्या दोन्ही हटवले गेले. त्यांच्या जागी बसलेली ब्रिटानिया देवी आणि मानेशी तुटलेले सिंहाचे डोके आले. सोनाराने आपल्या आडनावाची पहिली दोन अक्षरे मारायची, असाही हुकूम निघाला. ही सक्ती 1720 पर्यंत टिकली. तेव्हा भांड्यावर ब्रिटानिया आणि आडनावाची दोन अक्षरे दिसली, तर ते बहुधा या तेवीस वर्षांतले. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे की चढ्या कसाचे काम पुढेही हौसेने होत राहिले, आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या कारखान्यांनी जुन्या घाटाच्या नकलांसाठी तोच कस मुद्दाम वापरला.

1720 मध्ये स्टर्लिंग परत आले ते कराची धोंड गळ्यात घेऊन. औंसाला सहा पेन्स. मोठ्या भांड्यावर ही रक्कम चांगलीच बोचणारी. मग सोनारांनी तोड काढली. एखादी छोटी, हलकी वस्तू हॉलमध्ये न्यायची, तिच्यावर थोडा कर भरून ठसे मारून घ्यायचे, तो ठशांचा तुकडा कापायचा आणि मोठ्या कॉफीच्या भांड्याच्या बुडात डाख लावून बसवायचा. त्या काळच्या नामांकित कारागिरांनीही हा उद्योग केला. आज असे भांडे ओळखायची सोपी रीत आहे. ठशांच्या जागी तोंडाची गरम वाफ सोडावी. वाफ धरते न धरते तोच ठशांभोवती डाखाची बारीक गोल रेघ उमटते. ती दिसली की कारागीर खरा, चांदी खरी, आणि ठसे दुसऱ्याच वस्तूचे. चोरी उघड व्हायला लागली तसा हा कर 1758 मध्ये काढून टाकला गेला. त्याच सुमारास खोटा ठसा पाडणाऱ्याला फाशीची शिक्षा लागू झाली. ती 1773 मध्ये सौम्य करून चौदा वर्षांची काळ्या पाण्यासारखी हद्दपारी केली गेली.

दुसरी घटना 1784 ची. अमेरिकेतल्या युद्धाने खजिना रिता झाला होता, म्हणून चांदीवरचा कर पुन्हा बसला. या वेळी कर भरल्याची पावती भांड्यावरच मारली जाऊ लागली: राजाचे मुंडके. 1 डिसेंबर 1784 पासून तिसऱ्या जॉर्जचे तोंड डावीकडे होते आणि ते खोलगट होते. इतर सगळ्या ठशांत खोल ढालीत चित्र उठावाने येते. इथे चित्रच चांदीत रुतलेले. 1786 पासून मुंडके उठावाचे झाले आणि उजवीकडे वळले. पुढचे दोन्ही राजे उजवीकडेच पाहतात, व्हिक्टोरिया डावीकडे. 1890 मध्ये कर गेला आणि मुंडकेही गेले. म्हणून मुंडके दिसले की भांडे बहुधा 1784 ते 1890 या पट्ट्यातले, एवढे तर भिंगाशिवायही सांगता येते.

इथे प्रत्यक्ष एक चमचा वाचून पाहावा. दांड्याच्या मागे, टोकाजवळ, पाच ठसे आहेत. पहिला वळणदार लिपीत एच बी. दुसरा सिंह, मान पाहणाऱ्याकडे वळवलेला. तिसरे मुकुट घातलेले बिबट्याचे तोंड. चौथे लहान लिपीतले आय हे अक्षर. पाचवे खोलगट मुंडके, डावीकडे पाहणारे.

बिबट्याचे तोंड, सोबत दुसऱ्या कोणत्याही शहराची खूण नाही, तेव्हा तपासणी लंडनची. लहान आय हे अक्षर लंडनने 1744, 1784 आणि 1824 अशा तीन वर्षी वापरले होते, कारण लहान लिपी दर चाळीस वर्षांनी परत येत होती. त्यातले 1744 लगेच बाद होते, कारण तेव्हा राजाचे मुंडके मारत नसत. 1824 ही बाद: बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट 1821 मध्ये उतरवला गेला होता आणि त्याच सुमारास सिंहही मान वळवायचे सोडून सरळ समोर पाहू लागला होता. उरते 1784. हे अक्षर 29 मे 1784 पासून 28 मे 1785 पर्यंत चालले. पण मुंडके तर 1 डिसेंबरपासून सुरू झाले. म्हणजे हा चमचा 1 डिसेंबर 1784 ते 28 मे 1785 या सहा महिन्यांत हॉलमध्ये गेला. वळणदार एच बी ही हेस्टर बेटमनची खूण. नवरा 1760 मध्ये वारल्यावर तिने पुढच्याच वर्षी हॉलमध्ये आपल्या नावाची खूण नोंदवली, मुलांना हाताशी धरून बनहिल रो या रस्त्यावरचा कारखाना वाढवला आणि 1790 मध्ये धंदा त्यांच्या हाती सोपवला. चमचा तिने स्वतः ठोकला असे मात्र यावरून ठरत नाही. सोनाराची खूण म्हणजे मालाची जबाबदारी घेणाऱ्याची खूण. हात दुसऱ्या कोणाचाही असू शकतो.

लंडनबाहेरची चांदी वाचायला अवघड आणि म्हणूनच रंगतदार. एडिंबरो किल्ल्याचा ठसा मारी, न्यूकॅसल तीन किल्ल्यांचा, एक्सेटर तीन बुरुजांच्या किल्ल्याचा, चेस्टर गव्हाच्या पेंढ्यांचा, डब्लिन मुकुटाखालच्या हार्प वाद्याचा. बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड ही दोन कारखानदारीची शहरे उशिरा, 1773 मध्ये आली. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन या उद्योजकाला माल तपासायला लांब चेस्टरला पाठवावा लागे. वाटेत भांडी चेपत, उशीर होई. त्याने संसदेत खटपट करून आपल्या गावाला तपासणी कचेरी मिळवली. बर्मिंगहॅमला खूण मिळाली नांगर, जहाजाचा, शेफिल्डला मुकुट. दोन्ही गावे समुद्रापासून लांब आणि राजधानीही नव्हेत. खटपट चालू असताना त्यांचे लोक लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत आणि नाणे उडवून त्यांनी खुणा वाटून घेतल्या, अशी आख्यायिका आहे. नवख्याची खरी पंचाईत शेफिल्डच्या अक्षरांत होते. 1824 पर्यंत त्या कचेरीने अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता मनाला येईल तशी घेतली, त्यामुळे तक्ता समोर ठेवल्याशिवाय साल सांगणे अशक्य. लंडनबाहेरच्या बऱ्याच कचेऱ्या पुढे बंद पडल्या: एक्सेटर 1883, न्यूकॅसल 1884, चेस्टर 1962, ग्लासगो 1964. आज ब्रिटनमध्ये लंडन, बर्मिंगहॅम, शेफिल्ड आणि एडिंबरो या चार उरल्या आहेत.

अक्षरांवरून साल काढता येते हे धंद्यातल्या लोकांनाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट माहीत नव्हते. विल्यम चॅफर्सने 1863 मध्ये ठशांचे पुस्तक काढले आणि सर चार्ल्स जॅक्सनने 1905 मध्ये हजारो खुणा रेखून छापल्या. त्यानंतरच चांदी ‘वाचता’ येऊ लागली. पुस्तके आली, मोल वाढले, आणि अर्थात खोट्या ठशांचा धंदाही वाढला.

खोटेपणा ओळखायला ठशांपेक्षा आधी भांडे पाहावे. घाट आणि साल जुळले पाहिजेत. 1720 च्या ठशांचे भांडे आणि अंगावर व्हिक्टोरियाच्या काळातली फुले-वेली, म्हणजे साध्या भांड्यावर मागाहून कोणी नक्षी उठवली. बिअरचा जुना मग हा तर फसवणुकीचा आवडता बळी: त्याला चोच बसवली की तो पाणी ओतायचा जग होतो आणि जगाला गिऱ्हाईक जास्त. अशी भर घातल्यावर पुन्हा तपासणी करून घेणे 1844 च्या कायद्याने सक्तीचे केले. न केल्यास वस्तू बेकायदा ठरते. झाकण, नळी यांसारख्या सुट्या भागांवरही निदान सिंह आणि सोनाराची खूण हवी. झाकण कोरे असेल तर ते दुसऱ्या भांड्याचे असण्याचा संभव मोठा. साच्यातून ओतलेल्या नकलेत ठसे बोथट दिसतात, बारीक खड्डे राहतात, आणि सहा चमच्यांच्या संचात सहाही ठिकाणी ठसे अगदी एकाच जागी, एकाच तिरकेपणाने येतात. हाताने मारलेले ठसे असे कवायत करत नाहीत.

बुडावर कधी कधी टोकदार सुईने ओरखडलेला आकडाही असतो: 12-10 असा. हे वजन, 12 औंस 10 पेनीवेट, पहिल्या मालकाने किंवा दुकानदाराने करून ठेवलेले. हा औंस 31.1 ग्रॅमचा, म्हणजे आपले 2 तोळे आणि वर दोन तृतीयांश तोळा. भांडे आज तोलावे. शंभर-दोनशे वर्षांच्या घासण्याने थोडी घट येणारच. पण घट फार असेल, तर कोणी तरी जुनी कोरीव मुद्रा खरवडून काढली आहे किंवा एखादा भाग गायब आहे. वजन वाढलेले असेल तर काही तरी जोडले आहे. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा हा ओरखडा जास्त विश्वासाचा.

मुलामा दिलेल्या भांड्यांची भानगड वेगळी. एल्किंग्टन कंपनीने 1840 मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि पुढे घरोघरी ‘ई पी एन एस’ ही चार अक्षरे आली. प्रत्येक अक्षर सुबक ढालीत, जाड गॉथिक वळणाचे, एका ओळीत. लांबून पाहणाऱ्याला हॉलमार्कच वाटावा अशीच योजना. अर्थ एवढाच की आतला धातू तांबे, जस्त आणि निकेल यांचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात तो, आणि त्यात चांदी औषधालाही नाही. ती फक्त वरच्या पातळ थरात. सिंह नसेल तर इंग्लंडची चांदी समजू नये, हा ढोबळ नियम नवख्याने आधी पाठ करावा. ब्रिटानिया कसाचे काम आणि स्कॉटलंड-आयर्लंडचे ठसे वेगळे, एवढे अपवाद.

इतर देशांच्या पद्धती इतक्या बोलक्या नाहीत. फ्रान्सच्या चांदीवर 1838 पासून मिनर्व्हा देवीचे शिर दिसते, जर्मनीच्या चांदीवर 1888 पासून चंद्रकोर, मुकुट आणि 800 सारखा कसाचा आकडा, रशियाच्या चांदीवर बहुधा 84. रशियात चोख चांदी 96 झोलोत्निकांची धरत, म्हणून 84 म्हणजे हजारात 875.

इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात हा कायदा कधी आलाच नाही. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ओर यांसारख्या इंग्रजी पेढ्या स्वतःची आद्याक्षरे मारत, आणि हॅमिल्टनच्या मालावर सोबत हत्तीसारखी चित्रेही असत. दिसायला हॉलमार्क, पण कोणत्याही हॉलमध्ये न गेलेला. यांवरून पेढी कळते, साल नाही. देशी कारागिरांत भूजच्या ओमरसी मावजीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कच्छी कामावर रोमन लिपीत ‘ओ. एम.’ आणि ‘भूज’ असे ठसे मारले, म्हणून त्याचे काम आज नावाने ओळखता येते. आपल्या घरांतल्या पंचपात्री, समया, अत्तरदाण्या आणि गुलाबदाण्या यांवर मात्र बहुतेक वेळा काहीच नसते. असलाच तर सराफाचा छोटा ठसा किंवा कोणाला कधी भेट दिली ते कोरलेले. त्यांचे वय घाटावरून, झिजेवरून आणि घरातल्या माहितीवरूनच ठरवावे लागते. भारतीय मानक संस्थेचे चांदीचे हॉलमार्किंग 2005 साली सुरू झाले. त्याआधीच्या देशी चांदीवर सरकारी ठसा शोधण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमध्ये 1973 च्या कायद्यानुसार 1975 पासून सगळ्या कचेऱ्यांचे अक्षर एकच झाले आणि ते 1 जानेवारीला बदलू लागले. 1999 पासून ते मारणे ऐच्छिक आहे. सोनाराची खूण, कसाचा आकडा आणि कचेरीची खूण एवढेच आता सक्तीचे.

जुन्या घरात, पारशी कुटुंबाच्या लिलावात किंवा संस्थानी वाड्यातून आलेल्या सामानात इंग्रजी चांदी अजूनही निघते आणि बरीचशी तोळ्याच्या भावाने मोडीत जाते. असे भांडे हाती आले तर सराफाकडे नेण्याआधी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन खिडकीतल्या उजेडात बूड पाहावे, ठशांचा जवळून फोटो घ्यावा. आणि भांडे उजळायला द्यायचेच असेल, तर ठशांच्या जागी चाक लावू नका असे पॉलिशवाल्याला बजावून सांगावे.